वाढदिवसाला जन्मदिवसाची गोष्ट कशी लिहावी

मराठीत वाढदिवस आणि जन्मदिवस हे दोन शब्द आपण खुशाल एकमेकांच्या जागी वापरतो. खरं तर वाढदिवस दरवर्षी येतो, जन्मदिवस एकदाच येऊन गेलेला असतो. शुभेच्छा सगळ्या पहिल्याच्या वाट्याला जातात. दुसऱ्याबद्दल सहसा कुणी अक्षर काढत नाही, आणि ज्याचा तो दिवस, त्याला तर त्यातलं काहीच ठाऊक नसतं. साधारण तीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी कुणाला फारसं आठवत नाही. म्हणजे आपल्या जन्माला आपण हजर होतो खरे, पण साक्ष द्यायची तर दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागतं.

हा लेख त्या साक्षीदारांना गाठून, त्यांच्याकडून तो दिवस काढून घेऊन, चार-दहा ओळींत वाढदिवसाच्या माणसाला परत कसा द्यावा याबद्दल आहे. लिहिण्याची सवय नसली तरी चालेल. फोन करायचा आळस मात्र चालणार नाही.

सुरुवात पंधरा दिवस आधी

आदल्या रात्री हे जमत नाही. साक्षीदार शोधायला, त्यांच्याशी निवांत बोलायला आणि त्यांनी सांगितलेलं तपासायला वेळ लागतो. पंधरा दिवस हाताशी ठेवा.

प्रथम एका कागदावर त्या दिवशी आसपास असू शकतील अशा माणसांची नावं लिहा. आई-वडील सगळ्यांनाच सुचतात. पण आई कळा सोसत होती आणि वडील बहुधा येरझाऱ्या घालत होते, त्यामुळे दोघांचीही नजर एकाच दारावर खिळलेली असते. मला आजवर उत्तम माल मिळाला तो बाजूच्या माणसांकडून. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली भावंडं, धाकटी मावशी, शेजारीण, निरोप घेऊन धावलेला कुणी. मुलांना अशा वेळी कुणी काम सांगत नाही आणि कुणी त्यांच्याकडे लक्षही देत नाही, म्हणून ती सगळं बघत बसतात. आईची आठवण खोलीच्या आतली असते, बाकीच्यांची बाहेरची. गोष्टीला दोन्ही लागतात.

प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. सगळ्यांना एकत्र बसवलंत तर ज्याचा आवाज मोठा त्याची आवृत्ती पक्की होते आणि बाकीचे माना डोलावतात. यादीत सगळ्यांत वयस्कर असेल त्याला पहिला फोन करा. कारण सांगायला नको.

काय विचारायचं

नवखी माणसं इथेच फसतात. ‘तेव्हा तुला कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘खूप आनंद झाला’ हेच उत्तर येणार. ते खरं असतं, पण जगातल्या कुठल्याही बाळाच्या जन्माला चिकटवता येतं, म्हणून गोष्टीच्या कामाचं नसतं. भावना विचारू नका. जागा, वस्तू, हालचाली आणि आवाज विचारा. मी साधारण असे प्रश्न विचारतो.

तू त्या वेळी नेमकी कुठे होतीस, बसलेली की उभी? बातमी कुणी आणली आणि पहिले शब्द काय होते? हातातलं कोणतं काम अर्धवट राहिलं? बाळाला आईनंतर पहिल्यांदा कुणी घेतलं? ते कशात गुंडाळलेलं होतं? कोण उशिरा पोचलं आणि का? नाव आधीच ठरलं होतं का, आणि कोणतं नाव मागे पडलं?

शेवटचा प्रश्न कधी चुकवू नका. मागे पडलेलं नाव ही प्रत्येक घरात असलेली आणि क्वचितच सांगितली गेलेली गोष्ट आहे. माणूस चाळिशीत कळून घेतो की आपण थोडक्यात कुणी भलतेच होणार होतो, आणि मग दिवसभर त्या नावाने स्वतःला हाक मारून बघतो.

वयस्कर माणसांशी बोलताना हातात जुना फोटो द्या. ‘त्या दिवसाबद्दल सांग’ म्हटलं की ती गप्प होतात. फोटोतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बोट ठेवलं की पंधरा मिनिटं थांबत नाहीत. विचारून, परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा. लिहून घ्यायला गेलात तर समोरची व्यक्ती तुमच्या पेनाच्या वेगाने बोलू लागते आणि बोलण्यातली चव जाते. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. मध्येच ‘पण आई तर म्हणते की...’ असं म्हणून त्यांना दुरुस्त करू नका. दुरुस्त्या नंतर.

आईशी बोलताना थोडं जपून. काही आयांना तो दिवस मिनिटामिनिटाने सांगायला आवडतो, काहींना नाही. ‘सांगावंसं वाटतं तेवढंच सांग’ असं आधी म्हणावं आणि ते मनापासून पाळावं.

ऐकलेलं तपासा

ठळक आठवण म्हणजे खरी आठवण, असं नसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्रिक नाइसर यांनी १९८६ साली चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता’ हे लिहून घेतलं आणि काही वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा विचारलं. बऱ्याच जणांची उत्तरं पार बदलली होती, आणि तरीही नवं उत्तर ते ठामपणे देत होते. तुमची मावशी खोटं बोलत नाहीये. तिने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आता तिला दिवसापेक्षा गोष्टच जास्त आठवते.

तपासायला सगळ्यांत सोपा असतो वार. फोनच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन तो दिसतोच, पण हाताने काढायची युक्ती ठाऊक असलेली बरी. वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्या. त्यांना ४ ने भागून येणारा पूर्णांक त्यात मिळवा. मग महिन्याचा अंक मिळवा: जानेवारीपासून क्रमाने ०, ३, ३, ६, १, ४, ६, २, ५, ०, ३, ५. मग तारीख मिळवा. बेरजेला ७ ने भागून बाकी ० उरली तर रविवार, १ तर सोमवार, असं शनिवारच्या ६ पर्यंत. हे १९०० ते १९९९ साठी. २००० पासून पुढच्या वर्षांसाठी एक वजा करा. लीप वर्षातला जानेवारी किंवा फेब्रुवारी असेल तर आणखी एक वजा. (१९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण त्या सालच्या कुणाला तुम्ही पत्र लिहीत असाल असं वाटत नाही.)

बाबांच्या साठीला मी हे गणित मांडून बसलो होतो. तारीख ९ नोव्हेंबर १९६४ धरू. खरी तारीख इथे देत नाही, का ते पुढे येईल. वाराचा घोळ मात्र अगदी असाच होता. ६४ अधिक १६ अधिक ३ अधिक ९, एकूण ९२. सातने भागून बाकी १. सोमवार. आत्या तेव्हा नऊ वर्षांची होती आणि ती शपथेवर सांगत होती की रविवार होता, शाळेला सुट्टी होती, ती दिवसभर घरातच होती. मी कागद पुढे केला, ती ऐकेना. आता कागदावरची तारीख चुकली की आत्या चुकली? दोन दिवस मी कागदालाच दोष देत होतो, कारण जुन्या कागदांवर जन्मतारखा बिनचूक असतातच असं नाही. मग आत्याच सहज म्हणाली, ‘रात्री मला झोपायला सांगितलं होतं, पण मी जागीच होते. दीडचे टोल पडले आणि मग रडणं ऐकू आलं.’ रविवारची रात्र, दीड वाजता. घड्याळाच्या हिशेबाने सोमवार लागला होता. नऊ वर्षांच्या मुलीच्या हिशेबाने ती उठेपर्यंत रविवारच होता.

म्हणून वेळ विचारताना ‘रात्री’ या शब्दावर थांबू नका. मध्यरात्रीच्या आधी की नंतर, हे हटकून विचारा.

कागद आणि फोटो

जन्माचा दाखला, दवाखान्याचा कागद, जुनी डायरी, त्या दिवसांत आलेली पत्रं, जे हाती लागेल ते बघा. जन्माच्या कागदावर कधी कधी ‘अपगार’ असा शब्द आणि पुढे ८ किंवा ९ असा आकडा दिसतो. डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी १९५२ साली ही पद्धत मांडली. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, प्रतिसाद, स्नायूंची हालचाल आणि श्वास पाहून दहापैकी गुण देतात. पूर्ण दहा क्वचितच मिळतात, कारण हातपाय थोडे निळसर असणं तेव्हा अगदी नेहमीचं असतं. ‘तुला आयुष्यातल्या पहिल्या परीक्षेत नऊ गुण पडले होते आणि तू अभ्यास अजिबात केला नव्हतास’ हे वाक्य मी एका मित्राला लिहिलं होतं. त्याने ते अजून चौकटीत लावून ठेवलं आहे.

वजनाचा आकडाही मिळतो. फक्त लक्षात ठेवा, पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. त्यामुळे आजी एक वजन सांगत असेल आणि कागद दुसरं, तर दोघंही बरोबर असू शकतात.

पोटातलं बाळ पडद्यावर दिसू लागलं ते फार अलीकडे. डॉ. इयान डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी ग्लासगो इथे केलेलं ध्वनिलहरींचं, म्हणजे सोनोग्राफीचं काम १९५८ साली प्रसिद्ध झालं आणि सर्रास वापर व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. त्याआधी जन्मलेल्या माणसाबद्दल लिहीत असाल तर ही गोष्ट विसरू नका. दार उघडेपर्यंत बाहेर कुणालाच काही माहीत नव्हतं. जुळं आहे हे तर कधी कधी दुसरं बाळ आल्यावरच कळायचं.

फोटोवरच्या तारखेवर डोळे झाकून विश्वास नको. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं नसेल तर डिजिटल फोटो भलत्याच साली निघाल्याचं सांगतो, आणि छापील फोटोच्या पाठीवरचा शिक्का बहुधा रोल धुतला त्या दिवसाचा असतो.

जिथे हात आखडावा

प्रत्येक जन्माच्या दिवशी फक्त आनंद होता असं नाही. कुणाची आई त्याच दिवशी गेली. कुणाचं जुळं भावंड राहिलं नाही. कुणाच्या येण्याने घरातल्या एखाद्याचं तोंड उतरलं होतं, आणि ते सांगायला आजही कुणीतरी टपलेलं असतं. असं काही हाती लागलं तर ते वाढदिवसाच्या मजकुरात घालू नका. ते तुमचं नाही. त्या माणसाला आधीपासून माहीत असेल आणि तो स्वतः त्याबद्दल बोलत असेल, तरच, आणि तेही एकट्यात. मुदतीआधी जन्मलेल्यांचं थोडं वेगळं असतं. आपण काचेच्या पेटीत तीन आठवडे काढले आणि तरी टिकलो, हे काहींना फार अभिमानाने ऐकायला आवडतं. विचारून घ्या.

दत्तक घेतलेल्या माणसाच्या बाबतीत जन्माच्या दिवसाचे साक्षीदार बहुधा मिळत नाहीत. पण तो घरी आला त्या दिवसाचे भरपूर असतात आणि त्यांना तो दिवस घड्याळासकट आठवतो. ती गोष्ट लिहा. मात्र त्या दिवसाला घरात काय म्हणतात ते आधी कळून घ्या आणि तोच शब्द वापरा.

आता मघाची तारीख. पूर्ण जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मगाव आणि आईचं माहेरचं नाव, हे सगळं एकत्र कुठेही चारचौघांत टाकू नका. ओळख पटवायला नेमक्या ह्याच गोष्टी विचारतात आणि चोरांनाही ते ठाऊक आहे. चार लोकांसमोर द्यायच्या शुभेच्छेत प्रसंग असू द्या, आकडे खासगी पत्रात.

लिहायला बसल्यावर

तुमच्याकडे आता दोन-तीन तासांचं बोलणं, चार कागद आणि बरेच परस्परविरोधी तपशील जमले असतील. त्यातलं एकच निवडायचं. एक दृश्य, जमलं तर एक वस्तू. सगळं घालायला गेलात तर अहवाल होतो.

एक नमुना बघा. पहिल्यांदा लिहिताना माणूस असं लिहितो:

‘ताई, तुझ्या जन्माने आपल्या घरात आनंदीआनंद झाला. तू आम्हा सर्वांच्या आयुष्यातला प्रकाश आहेस. तुला उदंड आयुष्य लाभो.’

यातली ताई कुणाचीही ताई आहे. आता चपलांचा तपशील मिळाल्यावर:

‘ताई, तू आलीस त्या पहाटे बाबा घरी परतले तेव्हा त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक त्यांची, एक कुणा परक्याची. आई म्हणते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. आज तू चाळीस वर्षांची झालीस. तुझ्याकडे यायला निघाले की बाबा अजून एकदा खाली पायांकडे बघून घेतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा.’

दुसऱ्या मजकुरात ‘आनंद’ हा शब्द नाही आणि त्याची गरजही पडली नाही. बांधणी साधी आहे. त्या दिवसाचं दृश्य, कुणी सांगितलं ते, मग आजवर उडी, मग शुभेच्छा. ‘आई म्हणते’ हे दोन शब्द गाळू नका. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगितली की तिला वजन येतं, आणि उद्या मावशीने वेगळं सांगितलं तर तुमची मान सुटते.

वडीलधाऱ्यांना लिहिताना एक अडचण हमखास येते. ‘तुम्ही जन्मलात’ इथवर ठीक, पण ‘तुम्ही टाहो फोडलात, मग तुम्हाला दुपट्यात गुंडाळलं’ असं लिहिलं की सासरे मिशीसकट दुपट्यात दिसू लागतात. ‘तू’ लिहिण्याची सोय नसते. यावर मला सापडलेला उपाय असा: दृश्य पूर्ण होईपर्यंत ‘बाळ’ म्हणा आणि नपुंसकलिंग धरा. ‘बाळ रडेना. सगळे थांबले. मग ते असं रडलं की अंगणातल्या मोठ्या भावाने कानांवर हात ठेवले.’ आणि शेवटच्या ओळीत पडदा उघडा: ‘ते बाळ आज सत्तर वर्षांचं झालं, आणि तुमचा आवाज अजून अंगणापर्यंत पोचतो.’ आदर राहतो, गंमतही राहते.

लहान मुलांसाठी लिहिताना उलट करा. त्यांना स्वतःबद्दल ‘तू’ म्हणून ऐकायला हवं असतं, आणि तीच गोष्ट शब्दाचाही बदल न करता दरवर्षी हवी असते. त्यांना सांगा की जन्मल्यावर तुला फक्त वीत-दीड वीत लांबचं नीट दिसत होतं, म्हणजे कडेवर घेतलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत. तू रडत होतास, पण सुरुवातीचे काही आठवडे डोळ्यांतून पाणी मात्र येत नव्हतं. मुलं हे ऐकून स्वतःच्या डोळ्यांना हात लावून बघतात.

लांबी किती? फोनवर पाठवायचं तर पाच-सहा ओळी. पत्र असेल तर एक पान. समारंभात उभं राहून बोलायचं असेल तर दोन मिनिटं, आणि तिसऱ्या मिनिटाला खाली बसा.

साक्षीदार कुणीच उरलं नसेल तर

ऐंशी वर्षांच्या माणसाच्या जन्माचा साक्षीदार कुठून आणणार? माणसं नसतील तर आकाशाला विचारायचं. एकोणीस वर्षांनी चंद्राच्या कला जवळजवळ त्याच तारखेला परत येतात. प्राचीन अथेन्सच्या मेटन या खगोलज्ञाच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. त्यामुळे एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या आणि शहात्तराव्या वाढदिवसाला वर बघा, जन्मदिवशी होता साधारण तसाच चंद्र असतो. वाराचं चक्र अठ्ठावीस वर्षांचं, म्हणून अठ्ठावीस, छप्पन्न आणि चौऱ्याऐंशीला जन्मवारच पुन्हा येतो.

माझं आवडतं मात्र ताऱ्यांचं आहे. अभिजित सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर आहे, स्वाती ३७, ब्रह्महृदय ४३, रोहिणी ६५, मघा ७९. पंचविशीच्या मुलीला अभिजित दाखवून सांगा, तू जन्मलीस त्या सुमारास तिथून निघालेला उजेड आत्ता पोचतो आहे. वाढदिवसाच्या रात्री तो तारा उगवलेला असतो की नाही हे आधी बघून ठेवा, नाहीतर गच्चीवर नेऊन ढगांकडे बोट दाखवायची वेळ येते.

आणि वाढदिवस हुकलाच तर एक पळवाट आहे. जन्माला दहा हजार दिवस पूर्ण होतात ते सत्ताविसाव्या वाढदिवसानंतर सुमारे साडेचार महिन्यांनी. एक अब्ज सेकंद भरतात एकतीस वर्षं आणि साधारण आठ महिन्यांनी. त्या दिवशी शुभेच्छा देणारे तुम्ही एकटेच असाल.

पोचवणं

सकाळपासून शुभेच्छांचा पूर येतो, त्यात तुमची चार वाक्यं वाहून जातात. जन्मवेळ कळली असेल तर नेमक्या त्या मिनिटाला पाठवा. माणूस दुसऱ्या देशात जन्मला असेल तर घड्याळाचा फरक मोजून घ्या. वेळ आडनिडी असेल तर झोपमोड करण्याऐवजी लिहून उशाशी ठेवा. साक्षीदाराच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असेल तर त्यातलं अर्ध्या मिनिटाचं बोलणं सोबत जोडा, आणि मूळ फाइल नाव-तारीख घालून दोन ठिकाणी जपून ठेवा.

बाबांना मी ते पत्र रात्री वाचून दाखवलं. ‘बाळ’ करून लिहिलं होतं. शेवटपर्यंत ऐकलं आणि इतकंच म्हणाले, ‘रात्री दीड? मी इतकी वर्षं दुपारचा दीड समजत होतो.’ मग आत्याला फोन लावायला सांगितला, आत गेले आणि दार लोटून घेतलं. अर्धा तास हसण्याचे आवाज येत होते.